डोकं दुखतं, पण मूळ मानेत, खांद्यात की जबड्यात? स्नायूंची डोकेदुखी ओळखायची आणि उतरवायची कशी

फवारणी सुरू झाली, वेचणीचे दिवस आले की संध्याकाळी वावरातून परतताना अनेकांचं डोकं ठणकायला लागतं. मेडिकलमधून गोळी आणली जाते, रात्र निघते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला त्याच जागी दुखणं हजर असतं. कुणाचा चष्मा बदलून होतो, कुणाचे सायनसचे एक्स-रे निघतात, कुणी चांगली दाढ काढून बसतं. मान, खांदा आणि जबडा मात्र कुणी दाबूनही पाहिलेला नसतो. वारंवार होणाऱ्या डोकेदुखीत आणि गालाच्या दुखण्यात या तीन ठिकाणच्या स्नायूंचा वाटा मोठा असतो, आणि तो घरच्या घरी बऱ्यापैकी तपासता येतो.

दुखणं एकीकडे, बिघाड दुसरीकडे

चेहऱ्याची संवेदना ज्या मज्जातंतूतून मेंदूकडे जाते आणि मानेच्या वरच्या तीन मणक्यांतून जे मज्जातंतू निघतात, ते मानेतल्या मज्जारज्जूच्या वरच्या टोकाला एकाच ठिकाणी येऊन मिळतात. त्यामुळे मानेतला स्नायू ओरडला तरी मेंदूला ते दुखणं कपाळातलं किंवा डोळ्यामागचं वाटू शकतं. एकाच स्थितीत तासन् तास ताणून राहिलेल्या स्नायूत बोटाला लागेल अशी दोरीसारखी पट्टी तयार होते. त्या पट्टीतल्या एका दुखऱ्या बिंदूवर दाबलं की दुखणं तिथून दूर, ठरावीक जागी उमटतं. अमेरिकेच्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल आणि डॉ. डेव्हिड सायमन्स यांनी स्नायूगणिक अशा दुखण्याचे नकाशे तयार केले. फिजिओथेरपिस्ट आजही ते वापरतात. ही गाठ नेमकी कशामुळे बनते यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण तपासणीसाठी एक कसोटी पुरते: गाठ दाबल्यावर तुमचं नेहमीचं, ओळखीचं दुखणं जागं झालं तर तो स्नायू संशयित. नुसतं दाबलेल्या जागी दुखलं तर त्यावरून काही ठरत नाही.

हात लावण्याआधी: ही लक्षणं असतील तर दवाखाना

हा भाग घाईत वाचू नका. पुढचे सगळे उपाय यापैकी काहीही नसेल तरच करायचे आहेत.

फवारणी करताना किंवा त्यानंतर काही तासांत डोकं दुखून मळमळ, उलटी, खूप घाम, तोंडाला लाळ, धूसर दिसणं, स्नायू फडफडणं, छातीत कोंडल्यासारखं होणं यांतलं काही सुरू झालं तर ती विषबाधा समजायची. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, हे विसरता येत नाही. कपडे लगेच काढा, अंग साबणानं धुवा, औषधाची बाटली किंवा तिचं लेबल सोबत घ्या आणि १०८ ला फोन करा. मालिश, लिंबूपाणी, झोप यांत वेळ घालवू नका.

जबडा आखडून तोंड उघडेना, गिळायला त्रास होतोय आणि गेल्या काही दिवसांत पायात खिळा, काटा, विळ्याची जखम झाली आहे? धनुर्वात असू शकतो. जखम लहान होती म्हणून निश्चिंत राहू नका.

घरात सिकलसेलचा रुग्ण असेल (आपल्या पूर्व विदर्भात अशी घरं बरीच आहेत) तर त्याच्या नव्या, जोराच्या डोकेदुखीला मानेचं दुखणं म्हणून सोडून देऊ नका. या आजारात मेंदूच्या रक्तवाहिनीत अडथळा लहान वयातही येतो.

याशिवाय: एका क्षणात वीज पडावी तशी सुरू झालेली डोकेदुखी, ताप आणि मान ताठ, बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारं दुखणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, त्यातही जेवताना जबडा दुखून येत असेल किंवा नजर अंधुक होत असेल तर, गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यानंतर डोकेदुखीसोबत डोळ्यांपुढे काजवे किंवा अंगावर सूज. चढ चढताना किंवा ओझं उचलताना जबडा दुखतो आणि काम थांबवल्यावर दुखणं थांबतं, तर आधी हृदयाची तपासणी. आणि एप्रिल-मेमध्ये उन्हातून आल्यावर डोकं दुखून अंग तापलं असेल, बोलण्यात घोळ होत असेल, तर तो उष्माघात. त्याला सावलीत घेऊन अंगावर गार पाणी आणि वारा घालायला लगेच सुरुवात करायची आणि सोबतच १०८ लावायचा.

स्नायूंचंच आहे का? चार-पाच खुणा

स्नायूंमुळे होणारं दुखणं सहसा ठणक्यापेक्षा आवळल्यासारखं, जड वाटतं, बऱ्याचदा दोन्ही बाजूंना. कामाच्या दिवशी दुपारनंतर वाढतं, सुट्टीच्या दिवशी कमी असतं. मान वळवताना एका बाजूला अटकाव जाणवतो. अर्धशिशीत दुखणं बहुधा एका बाजूला, ठोके पडल्यासारखं, उलटीच्या भावनेसह येतं. उजेड-आवाज सहन होत नाही, चाललं तरी वाढतं, आणि औषध घेतलं नाही तर ४ ते ७२ तास टिकतं. पण अर्धशिशीच्या रुग्णाची मानही दुखते, दोन्ही एकत्रही असतात. मान दुखते म्हणून अर्धशिशी नाही असं समजू नका.

चेहऱ्याच्या दुखण्यात तीन गोष्टी वेगळ्या काढायच्या. गार पाण्यानं किंवा गरम चहानं कळ येते, दाढेवर टिचकी मारली की दुखतं, रात्री ठणका वाढतो, तर दाढेचंच. नाकातून पिवळा-हिरवा शेंबूड आणि तापासह गाल जड, तर सायनस. तोंड धुताना, दाढी करताना, वारा लागताच गालात काही सेकंद करंट बसल्यासारखी कळ, तर ती मज्जातंतूची. तिथं दाबाल तर उलट कळा वाढतील. त्याचं औषध वेगळं आहे आणि ते डॉक्टरच देतात.

दोन आठवडे एका वहीत रोज एक ओळ लिहा: दुखणं किती वाजता सुरू झालं, कुठं, त्या दिवशी काम कोणतं, खर्रा (सुपारी-तंबाखूची पुडी) किती, गोळी घेतली का. डॉक्टरांकडे जाताना ही वही रिपोर्टांच्या फाइलपेक्षा जास्त कामाला येते.

कोणता स्नायू, कुठं शोधायचा

*खांद्यावरचा स्नायू (ट्रॅपेझियस).* फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्यांचा हा पहिला शत्रू. दुखणं मानेच्या कडेनं वर चढून कानामागून कानशिलापर्यंत येतं. मान आणि खांद्याच्या टोकाच्या मधोमध, जिथं पंपाचा पट्टा बसतो, तिथला मांसल भाग अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत उचला. हातपंपाचा दांडा मारणाऱ्याची ज्या हातानं तो मारतो ती बाजू सहसा जास्त कडक सापडते.

*कवटीच्या बुडाशी असलेले छोटे स्नायू.* कवटी जिथं संपते तिथं, मणक्याच्या दोन्ही बाजूंना असलेल्या खळग्यांत. दुखणं डोक्याच्या आतून डोळ्यापर्यंत गेल्यासारखं वाटतं, नेमकी जागा दाखवता येत नाही. वेचणी आणि निंदण यांचं हे दुखणं आहे: कमरेत वाकायचं किंवा उकिडवं बसायचं आणि नजर मात्र पुढच्या झाडावर ठेवायची. अशा वेळी हनुवटी वर उचललेली राहते आणि हे स्नायू दिवसभर आखडलेले. माणसाच्या डोक्याचं वजन साधारण साडेचार ते पाच किलो असतं. वाकलेल्या स्थितीत ते सावरण्याचा भार मानेच्या मागच्या बाजूवर येतो. खाली मान घालून तासभर मोबाइल पाहणाऱ्या पोराला नांगर न धरता हाच त्रास होतो.

*मानेच्या बाजूचा पट्टा (स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड).* तोंड उजवीकडे वळवलं की डाव्या कानामागून गळ्याच्या हाडापर्यंत उठून दिसतो. दुखणं कपाळावर, भुवईवर, गालावर, कानात; कधी सोबत गरगरल्यासारखं. मान स्वतः फारशी दुखत नसल्यामुळे याच्यावर संशयच जात नाही. याला फक्त चिमटीत हलकं पकडायचं, गळ्याच्या दिशेनं कधीही दाबायचं नाही. बोटाखाली नाडी उडताना जाणवली तर लगेच सोडा. दोन्ही बाजू एकाच वेळी पकडू नका. पन्नाशी ओलांडलेल्यांनी, आणि बीपी, शुगर किंवा पूर्वी लकव्याचा झटका असलेल्यांनी या स्नायूला दाबण्याच्या भानगडीत पडूच नये.

*कानशिलाचा स्नायू (टेंपोरॅलिस).* दात दाबून धरले की कानशिलावर बोटांखाली फुगतो. दुखणं कानशिलात, भुवईत आणि वरच्या दातांत.

*गालाचा चावण्याचा स्नायू (मॅसेटर).* गालाच्या हाडापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत. वरच्या-खालच्या दाढा, कान, भुवई इथं दुखणं पाठवतो. कीड नसलेली दाढ दुखते म्हणून काढली जाते ती बऱ्याचदा याच्यामुळे, आणि दाढ काढल्यावरही दुखणं तिथंच राहतं. तपासताना हात साबणानं नीट धुवा (फवारणीच्या किंवा तिखटाच्या हातानं अजिबात नको), अंगठा गालाच्या आत आणि दोन बोटं बाहेर ठेवून गाल हलका चिमटीत धरा आणि वरून खाली सरकत जा.

आता तोंड किती उघडतं ते पाहा. पहिलं, मधलं आणि अनामिका ही स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये सहज गेली पाहिजेत. दोनच जात असतील तर जबड्याचा स्नायू किंवा सांधा आखडलाय, किंवा खर्ऱ्यानं गालाची आतली कातडी घट्ट झाली आहे. तिखट झोंबत असेल, आरशात गालाची आतली बाजू पांढुरकी दिसत असेल, बोटाला दोऱ्यांसारखं लागत असेल, तर ती तंतुमयता आहे. तिचं पुढं कॅन्सरमध्ये रूपांतर होऊ शकतं. इथं शेक आणि व्यायामावर न थांबता दातांच्या डॉक्टरांना दाखवायचं. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय त्यासाठी आहे.

रोजचा उपाय: संध्याकाळी पंचवीस मिनिटं

आधी शेक. टॉवेल गरम पाण्यात बुडवून पिळा, स्वतःच्या मनगटाला सहन होतो का बघा आणि खांदा-मानेवर किंवा गालावर १०–१५ मिनिटं ठेवा. थंड झाला की पुन्हा बुडवा. शुगरमुळे बधिरता असेल तर दुसऱ्याच्या हाताला उष्णता तपासू द्या. मेच्या उन्हात गरम शेक नकोसा होतो; तेव्हा माठातल्या पाण्याचं ओलं फडकं चालतं. काहींना त्यानंच जास्त बरं वाटतं.

मग दाब. सापडलेल्या दुखऱ्या बिंदूवर बोट ठेवून हळूहळू वजन वाढवा. १० पैकी ५–६ इतकं दुखलं की थांबा आणि तेवढाच दाब ३० सेकंद ते १ मिनिट धरा. श्वास सोडताना खांदे खाली सोडा. दुखणं धरल्या दाबाखालीच ओसरायला हवं. असं तीनदा, दिवसातून दोन वेळा. इथं हमखास होणारी चूक म्हणजे जोर. ‘गाठ फोडायची’ म्हणून कोपरानं रगडलं की स्नायू बचावासाठी आणखी आवळतो आणि दुसऱ्या दिवशी निळं पडतं. सकाळी दुखणं वाढलं असेल तर कालचा दाब जास्त होता. आज निम्मा करा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हा दाब नकोच, शेक आणि ताण यांवरच राहा.

कवटीच्या बुडासाठी दोन रबरी चेंडू मोज्यात घालून गाठ मारा, सतरंजीवर उताणं झोपा, चेंडू मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या खळग्यांत येतील असे ठेवा. डोक्याचं वजन पुरेसं आहे, वरून दाबू नका. ३ ते ५ मिनिटं. गरगरलं तर लगेच काढा. पाठीच्या वरच्या भागासाठी एकच चेंडू भिंत आणि पाठ यांच्यामध्ये धरून सावकाश वरखाली व्हायचं, मणक्यावर नाही.

नंतर ताण. बाजेच्या कडेवर बसून उजवा हात मांडीखाली दाबा, डोकं डाव्या बाजूला झुकवा, डाव्या हाताचं फक्त वजन डोक्यावर ठेवा, ओढू नका. २०–३० सेकंद, तीनदा, मग दुसरी बाजू. शेवटी मानेची ताकद: भिंतीला पाठ लावून उभं राहा, हनुवटी वर-खाली न करता सरळ मागं सरकवा, ५ सेकंद धरा, १० वेळा. सोबत दोन्ही खांद्यांची पाती मागं एकमेकांकडे आणायची, तीही १० वेळा. नुसता दाब आणि शेक दिला तर आराम मिळतो पण टिकत नाही. हे शेवटचे दोन व्यायाम सोडणाऱ्यांची डोकेदुखी पुढच्या हंगामात परत येते.

जबड्यासाठी एक सवय लावा. जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांमागं टाळूला, ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून सुटे. चावताना आणि गिळताना सोडून दात एकमेकांना लागायचं कारणच नसतं. ओझं उचलताना, पंप मारताना, ट्रॅक्टर चालवताना आपण दात आवळून धरतो. दर वेळी धुऱ्यावर वळलात की दात सुटे आहेत का तपासा. जीभ टाळूलाच ठेवून तोंड सावकाश उघडा-मिटा, सहा वेळा, दिवसातून सहादा. सांध्यात कट्टकन् आवाज येत असेल तर त्याच्या अलीकडेच थांबा.

एक गोष्ट मात्र बंद करा: दाढी-कटिंगनंतर मान झटका देऊन ‘मोडून’ घेणं. त्या झटक्यानं मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचं अस्तर फाटू शकतं आणि तरण्या माणसाला लकवा होऊ शकतो.

कामात काय बदलायचं

१६ लिटरचा पंप भरला की पाण्याचेच १६ किलो होतात, वरून पंपाचं आणि बॅटरीचं वजन. तो जमिनीवरून झटक्यात पाठीवर घेण्याऐवजी धुऱ्यावर किंवा बंडीवर ठेवा आणि पाठ लावून पट्ट्यांत हात घाला. दोन्ही पट्टे सारखे आखडा, इतके की पंप पाठीला चिकटेल आणि त्याचं बूड कमरेवर टेकेल. सैल पट्ट्यानं पंप मागं ओढतो आणि मान पुढं जाते. अरुंद पट्ट्याखाली चार बोटं रुंद फोमची गादी द्या, पण ती पाणी न शोषणाऱ्या रेग्झिननं मढवलेली. साधं फडकं घातलं तर त्यात औषध मुरतं आणि दिवसभर खांद्याच्या कातडीला लागून राहतं. दोन्ही पट्टे छातीवर एका दोरीनं जोडले की भार खांद्याच्या टोकांवरून आत सरकतो. मान दुखत असलेल्या आठवड्यात पंप १० लिटरच भरा. फेऱ्या वाढतील, पण काम थांबणार नाही. औषधाचं प्रमाण मात्र त्या १० लिटरलाच मोजून घाला.

वेचणीत कमरेची झोळी गच्च भरेपर्यंत थांबू नका, लवकर रिकामी करा. खालची बोंडं वेचताना मान वर करून लांब पाहण्याऐवजी पाय पुढं टाकून झाडाजवळ जा. अर्ध्या तासानं सरळ उभं राहून हनुवटी पाच वेळा मागं घ्या आणि खांदे फिरवा. मिनिटसुद्धा लागत नाही. डोक्यावरचा सरपणाचा भारा किंवा पाण्याचा गुंड मान दुखत असताना बंद ठेवायचा, सायकलवर किंवा दोघींनी मिळून न्यायचा. घरच्या माणसांनी हे मनावर घ्यावं. दिवसभर वेचणी केलेल्या बाईच्या मानेवर संध्याकाळचं पाणीही टाकलं, तर वर लिहिलेला एकही व्यायाम गुण देणार नाही.

झोपताना उशी कुशीवर असाल तर खांद्याची उंची भरून काढेल इतकी, उताणं असाल तर साधारण चार बोटं. पालथं झोपणं सोडा, त्यात मान रात्रभर एकाच बाजूला पिळलेली राहते.

खर्रा

सुपारी कडक असते, आणि खर्रा एकाच गालात धरून अर्धा-अर्धा तास चघळला जातो. दिवसाला पाच-सहा पुड्या म्हणजे जबड्याचा स्नायू जेवणाच्या कितीतरी पट जास्त वेळ राबतो. त्यामुळे एकाच बाजूचं कानशील दुखतं, गाल जड होतो, सकाळी जबडा आखडतो. बाजू बदलून चघळणं हा उपाय नाही. सुपारी आणि तंबाखू दोन्ही कॅन्सर करतात. एकदम सुटत नसेल तर उठल्याबरोबरची पहिली पुडी एक तास पुढं ढकला, आठवड्याला एक पुडी कमी करा, आणि त्या वेळी तोंडात बडीशेप किंवा ओवा ठेवा. सोडल्यावर पहिले काही दिवस तंबाखूच्या तलफेनंही डोकं दुखतं. ते उतरतं, त्याला घाबरून पुन्हा पुडी उघडू नका. १८०० ११ २३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे.

गोळ्या आणि सुया

पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची एक किंवा दोन गोळ्या, दोन वेळांत किमान ६ तासांचं अंतर, मोठ्या माणसानं २४ तासांत ६ पेक्षा जास्त नाही. वजन ५० किलोच्या आत असेल, लिव्हरचा त्रास असेल किंवा रोज दारू असेल तर डॉक्टरांना विचारून त्याहून कमी. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते मोजायला विसरू नका. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामक गोळी, किंवा १० दिवस मिश्र गोळी, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर गोळीच डोकेदुखी तयार करायला लागते. म्हणून आठवड्यात दोन दिवसांच्या वर जाऊ नका.

दर आठवड्याला कमरेत दुखण्याचं इंजेक्शन टोचून घेणं थांबवा. त्यानं पोटात जखमा होतात, बीपी वाढतं, किडनीवर ताण येतो. उन्हात घाम गाळणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या माणसाला हा धोका जास्त आहे.

तीन-चार आठवडे नेमानं करूनही फरक नसेल, किंवा महिन्यात निम्म्याहून जास्त दिवस डोकं दुखत असेल, तर ती वही घेऊन ग्रामीण रुग्णालयात जा, बीपी आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, चाळिशी ओलांडली असेल तर जवळच्या चष्म्यासाठी डोळेही. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात फिजिओथेरपीची सोय आहे. रोजच्या डोकेदुखीसाठी डॉक्टर रात्री घ्यायची ॲमिट्रिप्टिलिनसारखी गोळी अगदी कमी मात्रेत देतात. तिचा गुण दोन-चार आठवड्यांनी दिसतो, पहिल्या दिवसांत तोंड कोरडं पडतं आणि सकाळी सुस्ती राहते. चार दिवसांत फरक नाही म्हणून ती सोडू नका, आणि सुस्ती असेपर्यंत पहाटे ट्रॅक्टर किंवा मोटरसायकल चालवू नका. रात्री दात खाणाऱ्यांना दातांचे डॉक्टर मापानं बनवलेली पट्टी देतात; बाजारातली तयार रबरी पट्टी मापाची नसते आणि चावा बिघडवते.